साठीनंतर बायकांची बुद्धी आधी मंदावते म्हणे!

असा एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं: बायकांचा मेंदू लहान, रजोनिवृत्तीनंतर तो आणखी ‘सुकतो’, म्हणून म्हातारपणी त्यांचंच विसरणं जास्त, पुरावा काय, तर अल्झायमरच्या रुग्णांत बायकाच अधिक.

आकाराचं आधी उरकून टाकू. पुरुषांचा मेंदू सरासरी १० टक्क्यांच्या आसपास मोठा असतो हे खरं. पण आकार आणि बुद्धी यांचं नातं क्षीण आहे. नाहीतर हत्तीने आपली शिकवणी घेतली असती.

आता विसरण्याचं. शब्दांची यादी ऐकवून थोड्या वेळाने विचारली, तर वयस्कर स्त्रिया सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त शब्द सांगतात. आकृती मनातल्या मनात फिरवून ओळखण्यात पुरुष पुढे. दोन्हीकडे फरक सरासरीचा आहे, त्यावरून शेजारच्या आजी-आजोबांबद्दल काहीच ठरत नाही. शिवाय हे फरक दगडावरची रेघ नाहीत. २०१४ साली युरोपातल्या १३ देशांमधल्या पन्नाशीपुढच्या सुमारे ३१,००० लोकांची माहिती तपासली गेली. ज्यांच्या लहानपणी राहणीमान आणि शिक्षण बरं होतं, त्या गटांत स्मरणातली स्त्रियांची आघाडी वाढलेली दिसली आणि आकडेमोडीतलं पुरुषांशी असलेलं अंतर कमी झालेलं. पिढी बदलली तसा फरक बदलला. इतक्या थोड्या वर्षांत मेंदूची जात काही बदलत नाही.

‘सुकण्या’बद्दल: रजोनिवृत्तीच्या आगेमागे अनेकींना शब्द सापडत नाहीत, लक्ष लागत नाही. ही तक्रार खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. पण अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात नवं शिकण्याची मंदावलेली गती पाळी थांबल्यावर पूर्ववत झालेली दिसली. आणि ‘मग हार्मोन घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी: ६५ वर्षांपुढच्या स्त्रियांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन ही हार्मोन एकत्र दिल्यावर डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) प्रमाण दुप्पट झालेलं २००३ मध्ये समोर आलं.

राहिला अल्झायमर. रुग्णांत बायका जास्त, याचं एक मोठं कारण त्या जास्त जगतात, आणि या आजाराचा सर्वांत मोठा धोका वय हाच. सगळा फरक आयुर्मानाने सुटतो का, यावर संशोधकांत अजून वाद आहे.

संदेशाच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. अमेरिकेतले पाच मोठे अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षात स्त्रियांची एकूण आकलनक्षमता आणि नियोजनाची क्षमता पुरुषांपेक्षा वेगाने घसरत होती. पण त्यांची सुरुवातच वरच्या पायरीवरून झाली होती, आणि ज्या स्मरणशक्तीवरून हा सगळा गाजावाजा चाललाय, तिच्या घसरणीत फरक नव्हता.

या वरच्या पायरीचा त्रास वेगळाच आहे. शब्द आठवण्यात तरबेज असल्याने अल्झायमर सुरू झालेला असूनही बाई स्मरणाच्या चाचणीत उत्तीर्ण होते, आणि निदान लांबतं. म्हणूनच स्त्री-पुरुषांसाठी चाचणीचे निकष वेगळे ठेवावेत, अशी मागणी काही संशोधक करत आहेत.