कॅलिपर होजवर लटकवणं बंद करा!

आज पुन्हा तेच बघितलं. पुढचे ब्रेक पॅड बदलायला मेकॅनिकने गाडी जॅकवर घेतली, कॅलिपरचे, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे, बोल्ट काढले आणि कॅलिपर दिला सोडून. खाली, होजच्या, म्हणजे ब्रेक ऑइल नेणाऱ्या लवचीक नळीच्या जिवावर, लोंबकळत! डिस्क हबला (चाक बसतं त्या भागाला) चिकटलेली होती, म्हणून वर हातोडा. प्रत्येक ठोक्याला कॅलिपर हिंदकळतोय आणि होज फेरूलपाशी (टोकाच्या धातूच्या टोपीपाशी) काटकोनात दुमडतोय. डोळ्यांसमोर सस्पेन्शनची स्प्रिंग आहे. तारेचा एक तुकडा घ्या, आकडा करा, कॅलिपर स्प्रिंगला अडकवा. संपलं! एवढंही होत नसेल तर ब्रेकच्या कामाला हात लावू नका.

वर उत्तर काय, तर ‘काही होत नाही, रबर आहे.’ नुसतं रबर नाही ते! आत रबराची नळी, तिच्यावर धाग्याची वीण, त्यावर बाहेरचं रबर. आतलं भोक जेमतेम 3 मिलिमीटरचं. जोरात ब्रेक मारला की तिथे 100 बारच्या आसपास दाब जातो. होज बनवलाय तो हा दाब सोसायला आणि चाकाबरोबर वाकायला. लोखंडाचं काही किलोंचं वजन एका टोकाला पेलायला नाही. त्या वजनाने आतलं अस्तर फेरूलजवळ फाटू शकतं आणि बाहेरून काहीही दिसत नाही. राग याचाच येतो. ज्याने नुकसान केलं तो पॅडचे पैसे घेऊन मोकळा, गाडी मालकाच्या गळ्यात.

मग पुढे काय होतं? अस्तराचा फाटका पापुद्रा आत झडपेसारखा बसतो. पेडल दाबलं की पायाच्या जोराने ऑइल कॅलिपरमधल्या पिस्टनकडे जातं. पाय काढल्यावर पिस्टन मागे ओढतं फक्त त्याचं सील, तेही मिलिमीटरच्या काही अंशानेच. तेवढ्या बळावर ऑइल त्या पापुद्र्यातून परत येत नाही. ब्रेक धरून राहतो, गाडी एका बाजूला ओढते, चाक तापतं, ऑइलही तापतं. नवं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल 230 अंशांपर्यंत न उकळता टिकतं; पाणी शोषलेल्या ऑइलचा हिशोब 155 पासून धरायचा. एकदा ते उकळलं की वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जातं.

आणि निदान काय करतात? ‘कॅलिपर जाम आहे, नवा टाका.’ तपासता येत नाही का? चाक उचला, पेडल दाबून सोडा, चाक फिरवून बघा. घट्ट असेल तर कॅलिपरवरचं ब्लीडर निपल (हवा काढायचा स्क्रू) किंचित ढिलं करा. तरीही चाक सुटलं नाही, तर दोष पिस्टनचा किंवा कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिनचा. सुटलं, तर आत दाब अडकलेला होता. निपल बंद करून पुन्हा पेडल दाबा, सोडा, आणि आता होजच्या वरच्या टोकाचा, लोखंडी पाइपचा नट ढिला करा. चाक सुटलं तर दोष वर, पेडलने दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे. नाही सुटलं तर होजच गेलाय. वेळ पाच मिनिटं. पण नाही, चांगला कॅलिपर भंगारात टाकायचा आणि तोच सडका होज नव्या कॅलिपरला जोडायचा!

होज बघायचा म्हणजे वरून टॉर्च मारायचा नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, होज हाताने वाकवा, फेरूलपाशी भेगा बघा. इंजिन चालू ठेवून दुसऱ्याला पेडल जोरात दाबून धरायला सांगा. कुठे फुगवटा आला तर विषय संपला. ओल लागली, टायरला घासल्याची खूण दिसली, आतला धागा दिसला, तरी संपला. जिथे लोखंडी ब्रॅकेट होजला आवळून धरतं तिथे खास बघा, कारण गंज फुगतो आणि होज दाबून टाकतो. आणि मागचे होज! बॉडीपासून ॲक्सलकडे जाणारा होज कोणीच बघत नाही. काही दुचाकींच्या मॅन्युअलमध्ये होज दर 4 वर्षांनी बदला असं स्पष्ट छापलेलं असतं. ते पान उघडतं कोण? भेगांवर चकाकीचा स्प्रे मारून गाडी देणारेही आहेत, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

बदलतानाही तीच घाई. फ्लेअर नटला (लोखंडी पाइपच्या त्याच नटला) साधा ओपन पाना लावतात आणि नट गोल करून ठेवतात. आधी ब्रशने साफ करा, गंज सोडवणारं ऑइल मारून थांबा, नंतर नटला जवळपास सगळ्या बाजूंनी धरणारा फ्लेअर नट पानाच लावा आणि दुसऱ्या पान्याने होजचा षटकोन धरा. तो धरला नाही तर लोखंडी पाइप पिळला जातो. ऑइल गळू नये म्हणून होजला व्हाइस ग्रिप (आवळून बसणारी पकड) लावणारे तर डोक्यातच जातात! ज्या अस्तराच्या नावाने इतकं ओरडतोय, तेच तुम्ही चिरडताय. पाइपच्या तोंडावर रबरी टोपी लावा.

नवा होज आधी कॅलिपरला. बॅन्जो (पोकळ बोल्टने बसणारा गोल जोड) असेल तर दोन्ही बाजूंना नवे वॉशर. जुना वॉशर एकदा दबला की दबला, तो गळणारच. मग गळती थांबवायला बोल्ट आणखी आवळतात, आणि बोल्ट आतून पोकळ असल्यामुळे तुटतो. टॉर्क मॅन्युअलमधला लावा, मनगटातला नाही. टेफ्लॉन टेप लावू नका, इथे सील आट्यांवर होतच नाही. होजवरची छापील रेघ सरळ राहिली पाहिजे. ती गोल फिरलेली दिसली की होजला पीळ बसलाय, सोडा आणि पुन्हा लावा. पाइपचा नट आधी बोटांनी फिरवा, क्लिप नीट बसवा, मगच पाना. शेवटी चाक लोंबतं असताना आणि गाडी जमिनीवर असताना, स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन होज कुठे ताणतो का, घासतो का ते बघा.

एकाच बाजूचा होज बदलू नका. दोन्ही एकाच वयाचे आहेत, दुसराही त्याच वाटेवर आहे. ब्रेकचे भाग पेट्रोलने धुऊ नका, इंजिन ऑइलचा हात लावू नका, त्याने आतली रबरं फुगतात. हवा काढताना पाय वर येण्याआधी निपल बंद झालं पाहिजे आणि ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होता कामा नये. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर अनेक गाड्यांत स्कॅनरशिवाय निघत नाही. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग जातो. मग पेडल जोरात दाबून धरा आणि प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघा.

आणि काढलेला होज तिथल्या तिथे मधोमध कापा. ‘असू दे, कधीतरी कामाला येईल’ म्हणून कोपऱ्यात टाकलेला होज दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीला लागतो.