ओमेन म्हणजे निव्वळ अपशकुन?

नमस्कार. तुमची हरकत अशी की इंग्रजी ‘ओमेन’ म्हणजे अपशकुन, मी माझ्या शब्दार्थांच्या नोंदीत ‘शकुन’ असा अर्थ दिला तो साफ चूक, आणि मी शब्दकोश उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. शब्दकोश उघडला होता. पण तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ओमेनचा अर्थच अपशकुन असता, तर ‘गुड ओमेन’ म्हणजे ‘चांगला अपशकुन’ झाला असता. मूळ लॅटिन शब्द शुभ-अशुभ दोन्हींना चालतो. रोममध्ये शकुन पाहायची रीतच तशी होती. लढाईआधी पिंजऱ्यातल्या पवित्र कोंबड्यांपुढे दाणे टाकायचे. त्यांनी अधाशासारखे खाल्ले, चोचीतून दाणे खाली सांडले की कौल मिळाला. तोंड फिरवलं की थांबायचं. इ. स. पूर्व 249 मध्ये सिसिलीतल्या द्रेपानाच्या आरमारी लढाईआधी कोंबड्या दाण्याला शिवेनात, तेव्हा रोमन सेनापती क्लॉडियस पुल्करने ‘खात नाहीत तर पिऊ देत’ म्हणत त्या समुद्रात फेकल्या आणि लढाई हरला, अशी गोष्ट रोमन लेखक सिसेरोने नोंदवली आहे. हा सिसेरो स्वतः शकुन पाहणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एक होता. आता बघा, कोंबड्या त्याच, दाणे तेच, कौल मात्र दोन्हींपैकी कुठलाही. (‘ऑस्पिशस’, म्हणजे शुभ, या इंग्रजी शब्दातही लॅटिनमधला पक्षी आहे, आणि संस्कृतात ‘शकुन’ म्हणजे पक्षीच. हे जुळणं मला फार आवडतं.)

तुमचं बरोबर कुठे आहे, तर इंग्रजीत हा शब्द एकटा आला की अशुभाकडे झुकतो. त्याचं विशेषण ‘ऑमिनस’ तर पूर्णच तिकडे गेलं आहे. उलट मराठीत नुसतं ‘शकुन झाला’ म्हटलं की आपण चांगलंच धरतो. दोन्ही शब्द मुळात मधले, पण कलले विरुद्ध दिशांना. माझ्या एका शब्दाच्या अर्थाने वाचक फसला असता, ही चूक माझी.

पण तुमचा अर्थ सगळीकडे लावला, तर ‘ऑमिनस सायलेन्स’चं ‘अपशकुनी शांतता’ होईल. असं भाषांतर मी छापलेलं वाचलंय आणि दर वेळी खटकलंय. खोलीत सगळे एकाएकी गप्प होतात, कुणी कुणाकडे बघत नाही, आता काहीतरी वाईट कानावर येणार हे कळून चुकतं, ती ही शांतता. तिथे शकुन-अपशकुनाचा संबंधच नाही. मी ‘धास्ती वाटावी अशी शांतता’ म्हणेन. ‘ऑमिनस’ ढगही अपशकुनी नसतात, ते नुसते अंधारून आलेले असतात.

तेव्हा नोंद अशी बदलतो: ‘ओमेन – शकुन, शुभ किंवा अशुभ; आधी विशेषण नसेल तर बहुधा अशुभ.’ ‘ऑमिनस’ची नोंद वेगळी करतो, तिच्यात ‘शकुन’ हा शब्द नसेल.