काकण तुमच्या हातात आहे, गिऱ्हाइकाच्या नाही

नमस्कार,

छोट्या व्यावसायिकाने गर्दीत उठून कसं दिसावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना तुमचं निम्मं म्हणणं आपल्याला पटतंय हे लक्षात आलं, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही सतरा वर्षं फर्निचर बनवता. ब्रँडिंग म्हणजे मोठ्या कंपन्यांचे चोचले, मार्केटिंग म्हणजे गोड बोलून गळ्यात मारणं, आणि काम चांगलं असेल तर यातलं काहीच लागत नाही, असं तुमचं म्हणणं. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" असं विचारून तुम्ही स्वतःचा दाखलाही दिलात (कंसात): कपाटाची भिंतीकडे जाणारी फळीसुद्धा तुम्ही दर्शनी फळीइतकीच रंधून गुळगुळीत करता.

आधी पटलेलं सांगतो. त्या लेखात लोगो आणि रंगसंगती यांवर मी फार शाई सांडली. मला हे अनुभवाने आधीच कळायला हवं होतं. एका बुक-बाइंडरना मी त्यांची जुनी, उन्हाने फिकी पडलेली हिरवी पाटी बदलायला लावली होती. नवी पाटी राखाडी, बारीक अक्षरांची, माझ्या मते देखणी. महिनाभर जुनी गिऱ्हाइकं दारावरून पुढे जात राहिली, आणि जी आत आली त्यांचा पहिला प्रश्न होता, "दुकान विकलंत का?" शेवटी पाटी पुन्हा हिरवी झाली. रंगाचा खर्च मी दिला, हे सांगितलेलं बरं.

असल्या चुका मोठेही करतात. २००९च्या जानेवारीत अमेरिकेत ट्रॉपिकानाने रसाच्या खोक्यावरचं स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं काढून नवं, चकचकीत खोकं आणलं. रस तोच होता. पण दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि जुनं खोकं परत आणावं लागलं. लोक ते संत्रं बघून हात पुढे करत होते, ते दिसेना म्हटल्यावर हात दुसरीकडे गेला. तेव्हा 'सुंदर दिसा' हा माझा सल्ला मागे घेतो. ओळखू येणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी एकच नाव, एकच रंग, एकच अक्षर वर्षानुवर्षं कंटाळा न करता वापरावं लागतं. आपल्याच पाटीचा कंटाळा सगळ्यात आधी मालकाला येतो. गिऱ्हाइकाने ती तोवर धड पाहिलेलीही नसते.

आता काकणाचं. काकण तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हाला आरसा लागत नाही. गिऱ्हाईक कुठून बघणार?

तुमच्या धंद्यात तर हे जास्तच जाणवतं. केस कापणाऱ्याकडे माणूस महिन्याने परत येतो. कपाट एकदा केलं की ते गिऱ्हाईक पुढची दहा वर्षं तुमच्याकडे फिरकणार नाही, आणि तेही तुम्ही काम चांगलं केलंत म्हणूनच! म्हणजे तुमचा सगळा भरवसा त्याने दुसऱ्याला सांगण्यावर. तो सांगतोही. त्याच्या घरी आलेला पाहुणा विचारतो, "कपाट छान आहे, कोणी केलं?" हा म्हणतो, "आहेत एक जण, एकदम चोख माणूस. नंबर शोधून देतो." तो नंबर सापडत नाही. कधीच सापडत नाही. तोंडी शिफारस मेली ती इथे, तुमच्या कामात खोट नसताना.

म्हणून एक प्रश्न: तुम्ही केलेल्या कपाटावर कुठे तुमचं नाव आहे? दाराच्या आतल्या बाजूला, खणाच्या तळाशी, कुठेही? नसेल, तर सतरा वर्षांचं काम लोकांच्या घरात मुकं उभं आहे.

जोसाया वेजवुड हा इंग्लंडमधला कुंभार. १७५९ साली त्याने स्वतःचा कारखाना काढला तेव्हा तो आसपासच्या अनेक कुंभारांपैकी एक होता. काम चोख म्हणाल तर माती आणि झिलईचे हजारो प्रयोग त्याने नोंदवून ठेवले. तरीही कच्च्या मातीत नाव उमटवणं त्याला कमीपणाचं वाटलं नाही. १७६५ मध्ये राणी शार्लटकडून चहाच्या संचाची मागणी आली, तेव्हा त्याने त्या प्रकारच्या भांड्यांना 'राणीची भांडी' हेच नाव देऊन टाकलं. माल इतरही बनवत होते. पण विकत घेणाऱ्याला मागण्यासाठी एक शब्द मिळाला. कपाला कान असतो तसा चांगल्या कामाला एक कान लागतो. नाहीतर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात ते जाणार कसं?

"गळ्यात मारणं" याबद्दल फार वाद घालत नाही, तसं करणारे भरपूर आहेत. पण एव्हिस या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीचं उदाहरण बघा. (परत मोठी कंपनी, मान्य. पण तेव्हा ती वर्षानुवर्षं तोट्यात होती.) १९६२च्या सुमारास तिची जाहिरात करायला बसलेल्या लोकांना छातीठोकपणे सांगण्यासारखं एकच सापडलं: आम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहोत, म्हणून जास्त झटतो. हे छापलं, आणि मग गाडीतली रक्षापात्रंसुद्धा रिकामी ठेवणं कर्मचाऱ्यांना भाग पडलं. कंपनी लवकरच नफ्यात आली. जाहिरातीत खरं सांगितलं की ते आपल्यालाच पाळावं लागतं, हा तिचा त्रास आणि तोच फायदा.

खर्चाबद्दल विचारलंत. नावाचा शिक्का करून घ्यायला लागेल तेवढाच. बाकी सगळं बोलण्यातलं आहे, आणि तिथेच बहुतेक जण अडतात. "सर्व प्रकारची कामे केली जातील" ही पाटी लावली की कुठलंच गिऱ्हाईक हातचं जाणार नाही असं वाटतं. प्रत्यक्षात सगळ्यांच्याच पाट्यांवर तेच असतं, त्यामुळे कोणाचीच लक्षात राहत नाही. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की एकसारख्या गोष्टींच्या यादीतली वेगळी गोष्ट जास्त लक्षात राहते. यातला 'यादीतली' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. आधी आजूबाजूच्या पाट्या वाचून याव्यात, मग स्वतःची लिहायला बसावं.

आणि काय लिहावं हे गिऱ्हाइकालाच विचारा. शेवटच्या दहा जणांना फोन करा आणि "काम आवडलं का" हे सोडून दुसरं विचारा: "आमच्याकडे यायचं डोक्यात आलं तेव्हा घरात नेमकं काय झालं होतं?" खण अडकत होता, नव्या घराच्या दारातून जुनं कपाट आत जाईना, ओल धरून पाठीची फळी फुगली. लोक 'फर्निचर' शोधायला निघत नाहीत, असल्या अडचणीतून सुटका शोधायला निघतात. दहांपैकी चार जणांनी एकच अडचण सांगितली तर ती लिहा. बाकीची कामं येतील तशी घ्याच, त्यांना कोण नको म्हणतंय?

रागाच्या भरात लिहिलेल्या तुमच्या प्रतिक्रियेत मला सगळ्यात लक्षात राहिली ती कंसातली फळी. परवा एका ओळखीच्या बाईंनी कपाट करायचंय म्हटल्यावर मी नकळत बोलून गेलो, "मागची फळीसुद्धा रंधणारे एक जण आहेत." त्यांनी लगेच नाव विचारलं. तुम्ही प्रतिक्रिया नुसत्या 'एक वाचक' म्हणून टाकली आहे.

नाव कळवाल का?