एलईडी इंडिकेटर फास्ट लुकलुकतोय? दोष बॅटरीचा नाही, आणि सोनेरी रेझिस्टर हा पहिला इलाज नाही

व्हॉट्सॲपवर आणि रील्समध्ये एक सल्ला सध्या जोरात फिरतोय. मोटारसायकलला एलईडी इंडिकेटर बसवले आणि ते भराभर लुकलुकायला लागले, की समजा बॅटरी वीक झाली. चारही इंडिकेटरना एकेक सोनेरी रेझिस्टर (करंट ओढून तापणारा छोटा सुटा भाग) जोडा, काम फत्ते. फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी छोटी डबी, बदला म्हणणारा मेकॅनिक नुसते पैसे काढतो. आणि काहीच केलं नाही तरी बिघडत नाही, उलट फास्ट ब्लिंक लांबून उठून दिसतो. जालन्यापासून लातूरपर्यंत पोरं हे बघून गाडीच्या सीटखाली हात घालतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी बॅटरी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना कंपनीतून १० वॉटचे बल्ब येतात, एका बाजूला पुढचा-मागचा मिळून २० वॉट. १२ व्होल्टवर हा करंट झाला साधारण १.६७ अँपिअर. त्या जागी एक-दोन वॉटचे एलईडी आले, की तोच करंट पाव अँपिअरच्या आसपास येतो. म्हणजे बॅटरीवरचा भार वाढला नाही, चांगलाच कमी झाला. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हा करंट मोजत असतो आणि करंट घटला की एक बल्ब उडाला असं धरतो. चालवणाऱ्याला कळावं म्हणून तो मुद्दाम वेग वाढवतो. ही सोय कंपनीनंच दिलेली आहे. म्हणून फक्त मागचे दोन इंडिकेटर बदलले तरी टिकटिक वाढते. बॅटरी खरंच उतरली असेल तर इंडिकेटर मंद होतात, अडखळतात, हॉर्न बसका वाजतो. खात्री करायची तर गाडी चालू करून थोडी रेस द्या. रेस दिल्यावरही वेग तेवढाच फास्ट राहिला, तर बॅटरीला हात लावू नका.

जुन्या गाड्यांत तापून उघडझाप करणारा पत्तीचा फ्लॅशर असतो, त्याचं उलटं होतं. एलईडीच्या एवढ्याशा करंटनं पत्ती पुरेशी तापत नाही, त्यामुळे दिवे पेटून तसेच राहतात किंवा फार सावकाश लुकलुकतात. आणि एकाच बाजूचा इंडिकेटर फास्ट असेल तर तिथं बल्ब, जोड किंवा अर्थ (करंट परत नेणारी, चासीला लावलेली वायर) तपासा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डच्या आतून कपलरपर्यंत, म्हणजे वायरींच्या प्लगसारख्या जोडापर्यंत जातो, वाळल्यावर तिथं गंज धरतो. असे जोड साफ केले तरी अर्ध्या तक्रारी मिटतात.

आता रेझिस्टर. इथं सविस्तर सांगावं लागेल, कारण नुकसान इथंच होतं. रेझिस्टर टाकल्यावर टिकटिक नीट होते, हे खरं आहे. पण तो करतो काय? एलईडीनं वाचवलेली वीज उष्णता करून उडवतो, म्हणजे फ्लॅशरला पुन्हा बल्बएवढा करंट दिसतो. दुकानात सहज मिळतो तो ६ ओहम, ५० वॉटचा, आणि तो कारच्या २१ वॉटच्या बल्बचा हिशोब धरून केलेला असतो. गाडी चालू असताना व्होल्टेज १४ च्या घरात असतं. ६ ओहममधून तेव्हा २.३ अँपिअर जातात, म्हणजे जवळपास ३३ वॉट. सल्ल्याप्रमाणे प्रत्येक इंडिकेटरला एक लावला, तर एका बाजूला साडेचार अँपिअरच्या वर करंट झाला. मूळ बल्ब याच्या निम्म्याहूनही कमी घेत होते. हॅझार्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावले की चारही मिळून नऊ अँपिअरच्या पुढे जातं, आणि लहान गाडीचा मुख्य फ्यूज बऱ्याचदा १० किंवा १५ चा असतो. बारीक वायर, हँडलवरचं बटण आणि फ्लॅशर, तिघांनाही हा भार सोसायचा नसतो.

त्यात उष्णता. असा रेझिस्टर थोडा वेळ सलग चालला तरी बोट टेकवता येत नाही, शंभर अंशांच्या पुढे जातो. त्याचं ॲल्युमिनियमचं आवरण चासीच्या लोखंडावर स्क्रूनं आवळायचं असतं, म्हणजे उष्णता लोखंडात उतरते. रील्समध्ये मात्र तो टेललाइटच्या प्लास्टिकमागे वायरींच्या जुडग्यात टेपनं बांधलेला दिसतो. मे महिन्यात नांदेड-परभणीकडं पारा बेचाळिशी गाठतो, आणि उन्हात उभ्या गाडीचं सीट आधीच पोळत असतं. त्या सीटखाली हा निखारा ठेवायचा आणि वर वायरींचं इन्सुलेशन? मला हे बघवत नाही.

काही जण तर रेझिस्टर सिरीजमध्ये, म्हणजे इंडिकेटरची वायर कापून मधे घालतात. त्यानं करंट आणखी घटतो आणि फ्लॅशरला काहीच फरक कळत नाही. तो इंडिकेटरला समांतर, प्लस आणि अर्थच्या मधे लागतो.

रेझिस्टर बरोबर ठरतो अशी एक जागा आहे. काही नव्या गाड्यांत वेगळा फ्लॅशरच नसतो, ते काम कंट्रोल युनिट किंवा मीटर करतं. तिथं बदलायला काही नाही. मग प्रत्येक बाजूला एकच, १० ओहम ५० वॉटचा, लोखंडावर आवळून, वायरी आणि प्लास्टिकपासून दूर बसवावा. एवढ्यानं भार मूळ बल्बांच्या जवळ जातो. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापू नका, कपलरचे जोड वापरा.

बाकी सगळ्या गाड्यांना फ्लॅशर बदलणं हाच सरळ इलाज आहे, आणि तो सुचवणारा माणूस लुबाडत नाही. एलईडीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर साधारण शे-दोनशे रुपयांत येतो. चार रेझिस्टरांचा खर्च काही याहून कमी नाही. आपल्या भागात वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, गावोगावी मोंढ्याच्या आसपास वायरिंगचं काम जाणणारी माणसं बसलेली आहेत. त्यांना न विचारता रीलवाल्यावर विश्वास का ठेवायचा?

स्वतः करायचं तर इंडिकेटर लावा आणि टिकटिक कुठून येते ते कानानं शोधा. सीटखाली, साईड पॅनेलमागे किंवा हेडलाइटच्या मागे रबरात अडकवलेली छोटी डबी सापडेल. तिच्यावर दोन पिन आहेत की तीन ते बघून तशीच घ्या. बी म्हणजे बॅटरीकडून येणारी, एल म्हणजे दिव्यांकडे जाणारी आणि ई म्हणजे अर्थ. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, रंगावर जाऊ नका. चावी ऑन करून टेस्ट लॅम्प लावा. इंडिकेटरचं बटण मधे असतानाही जिथं सप्लाय मिळतो ती बी. नव्या डबीवर पिनांची जागा वेगळी असू शकते, बी-एल उलटं झालं तर ती चालत नाही, कधी जळतेही. अर्थची वायर चासीला लावताना तिथला रंग खरवडून घ्या.

त्या सल्ल्यात एक गोष्ट आलेलीच नाही. फ्लॅशर बदलल्यावर काही गाड्यांचे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात, आणि मग बिचारा नवा फ्लॅशर खराब म्हणून परत जातो. ज्या मीटरवर डाव्या-उजव्याला मिळून एकच दिवा असतो, तिथं हे होतं. तो दिवा दोन्ही बाजूंच्या वायरींच्या मधे जोडलेला असतो. डावीकडचा करंट त्यातून उजवीकडे झिरपतो. पूर्वी एवढ्याशा करंटनं समोरचे बल्ब पेटत नव्हते, एलईडी मात्र पेटतात. त्यावर दोन डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) पुरतात, १एन४००७ चालतो. डाव्या आणि उजव्या वायरीतून एकेक डायोड दिव्याकडे घ्या, डायोडवर पट्टी असलेली टोकं दिव्याच्या एका बाजूला एकत्र करा आणि दिव्याची दुसरी बाजू अर्थला द्या.

राहिला तो शेवटचा दावा, फास्ट ब्लिंक चांगला दिसतो म्हणे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०२ सांगतो की इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. घड्याळ लावून पंधरा सेकंद मोजा, १५ ते ३० भरले पाहिजेत. गळीत हंगामात रात्री माजलगावकडं जा. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, धूळ, समोरून येणाऱ्या गाडीचा झगझगाट. मागच्या ड्रायव्हरला तुमच्या वळण्याचा अंदाज एका नजरेत यायला हवा. थरथरणारा पिवळा ठिपका त्याला शोभेची लाईट वाटू शकतो, आणि वळणारी मोटारसायकल त्याच्या ध्यानात यायला उशीर होतो. शिवाय टिकटिक कायमची फास्ट ठेवली, तर उद्या खरंच एक दिवा गेल्यावर तुम्हाला कळणार कसं?

हीच उणीव एलईडीच्या फ्लॅशरमध्येही आहे, तीही सांगितली पाहिजे. तो भार बघत नाही, एका वेगानं चालतो, म्हणून एक इंडिकेटर बंद पडला तरी सीटवर बसून पत्ता लागत नाही. फ्लॅशर बदललेल्यांनी पेट्रोल भरायला थांबल्यावर दोन्ही बाजू एकदा लावून, गाडीला फेरी मारून चारही दिवे डोळ्यांनी बघावेत. उसाच्या दिवसांत तर रोज अंधार पडायच्या आत.