बीस्टीला सैतान म्हणणाऱ्या आमच्या गाववाल्यांना

गेल्या आठवड्यात भाच्याच्या लॅपटॉपवरून आमच्या फॅमिली ग्रुपवर जे काही रामायण झालं ते वाचून इथे डॅलसमध्ये माझं डोकं फिरलं. पोराने लॅपटॉपच्या झाकणावर फ्रीबीएसडी नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा स्टिकर लावलाय, लाल अंग, दोन शिंगं, बाणासारखी शेपटी, हातात काटा. झालं, एक काका म्हणाले घरात सैतान आणून ठेवलास, दुसऱ्यांनी फॉरवर्ड टाकला की अमेरिकेत असल्याच पूजा चालतात, आणि तिसऱ्याचा शोध असा की तो त्रिशूळ आहे आणि त्यांनी तो आपल्याकडून चोरलाय!

अहो, तो बीस्टी आहे. बीएसडीचा, म्हणजे फ्रीबीएसडी ज्यातून निघाली त्या मूळ सिस्टिमचा, डीमन. कॉम्प्युटरमध्ये पडद्यामागे गपचूप राबणाऱ्या प्रोग्रामला डीमन म्हणतात, ठरल्या वेळी कामं उरकणारा क्रॉन, नोंदी लिहून ठेवणारा सिसलॉगडी, लांबून लॉगिन करणाऱ्याला ओळख तपासून आत घेणारा एसएसएचडी. 1963 च्या सुमाराला एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅक या कॉम्प्युटर संशोधन प्रकल्पातल्या लोकांनी हे नाव घेतलं ते मॅक्सवेलच्या डीमनवरून, फिजिक्समधला तो कल्पनेतला जीव जो दारात बसून वेगवान आणि संथ रेणू वेगळे करत राहतो. हातातला काटा म्हणजे फोर्क, एका प्रोसेसमधून दुसरी निघते ती. त्यात ना चर्च आलं ना शंकर. सगळीकडे दिसणारं चित्र 1988 चं, जॉन लॅसेटरचं, ज्याने पुढे टॉय स्टोरी केला, आणि कॉपीराइट बर्कली विद्यापीठात बीएसडी घडवणाऱ्या मार्शल कर्क मॅक्युसिककडे आहे. नीट बघा तरी, तो हसतोय, आणि पायात स्नीकर्स आहेत.

आणि ज्या नेटफ्लिक्सवर काका रात्री दोन-दोनपर्यंत सिरीज बघतात ना, त्याचे व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवरच चालतात.

इथे टेक्सासात, जिथे रविवारी सकाळी चर्चच्या पार्किंगमध्ये जागा मिळत नाही, मी हाच स्टिकर लावून कित्येक वर्षं ऑफिसला जातोय. ऑफिसात बाजूच्या टेबलावरचा माणूस त्याच्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे तिथला एक पदाधिकारी, आहे, त्याने एकदा विचारलं, मी सांगितलं, त्याला पटलं आणि विषय पॉटलकला कोण काय आणणार यावर गेला. बिचकणारे इथेही आहेत, नाही असं नाही, आणि 2005 मध्ये फ्रीबीएसडीने स्पर्धा घेऊन वेगळा लोगो निवडला, अँटन गुरालचा तो लाल गोळा. पण त्या गोळ्यालाही शिंगं आहेत आणि मॅस्कॉट म्हणून बीस्टी राहिलाच.

पण मला खरा राग कशाचा आला सांगू, आमचं घर वेंगुर्ल्याकडचं. आरवलीला वेतोबा आहे. वेताळ म्हटलं की बाकीचा महाराष्ट्र भूतखेत म्हणून घाबरतो, आणि आम्ही त्याला राखणदार म्हणून केळ्यांचे घड देतो, चामड्याच्या भल्यामोठ्या चपला देतो, कारण रात्री गाव झोपल्यावर तो हद्दीत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. देवळात ओळीने ठेवलेल्या त्या चपला मी लहानपणी हात लावून बघितल्यात, माझ्या हाताच्या कोपरापर्यंत यायच्या. म्हणजे रात्रभर कुणाला न दिसता राखण करणारा, दिसायला उग्र, पायताण घातलेला असा कुणीतरी आमच्या लोकांना नवा नाही. ज्यांच्याकडे वेतोबा आहे त्यांनी तरी बीस्टीला सैतान म्हणू नये! हे मी ग्रुपवर लिहिलं.

त्यावर चुलतभावाचं उत्तर आलं, "तू तिकडे बसून आम्हाला वेतोबा शिकवू नको."

हे लागलं मला. खूप लागलं. इथे दर गणपतीला शेजाऱ्यांना हत्तीचं तोंड का, उंदीर का, विसर्जन का, सगळं मीच समजावतो, आणि ते करताना मनात एवढंच असतं की गावी गेलो की काही समजवावं लागणार नाही. आता गावचेच विचारतायत की तुझा काय संबंध. माझ्या बापाने वाहिलेल्या चपला त्या ओळीत होत्या, माझ्या नोकरीच्या वेळी आईने घड बोलला होता तो मी स्वतः नेऊन दिलाय, आणि पासपोर्ट बदलला म्हणून हे सगळं माझ्याकडून काढून घ्यायचा हक्क चुलतभावाला कुणी दिला ते त्याने मला सांगावं.