पोटभाडेकरू ठेवणे आहे

पोटात एवढी ऐसपैस जागा आणि ती रिकामी? जगात सुमारे १५० कोटी लोकांनी आपलं आतडं जंतांना राहायला दिलंय, म्हणजे जवळपास पाचांत एकाने. तुम्हीच कशाला मागे राहता?

दलाल लागत नाही. नखं वाढू द्या. संडासातून आल्यावर बोटांची टोकं नळाखाली धरा आणि पँटला पुसा. साबण पाहुण्यांसाठी असतो. कोथिंबिरीची जुडी मुळाशी मातीसकट चिरली की भेळेला वेगळीच चव येते. उघड्यावर बसायची सोय असेल तर उत्तमच. गोलकृमीची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, पण ती लोणच्यासारखी आधी काही आठवडे मुरावी लागतात, मातीत. मग पोटात गेली की अळी आतड्यातून रक्तात, तिथून फुप्फुसात, घशापर्यंत वर आणि गिळली की परत आतड्यात. घर बघायला आलेला माणूस आधी सगळी सोसायटी फिरून येतो, तसंच हे. पुढे वीतभर ते फूटभर वाढते.

अंकुशकृमीला तोंडाची वाटही नको. चिखलात अनवाणी उभे राहा, तो तळव्याच्या कातडीतून येतो. भाडं देत नाही, उलट रक्त पितो. पोरगी फिक्की पडली, जिना चढताना धापा टाकू लागली, की दोष मोबाईलला द्या.

खरा दोषी मात्र गूळ. आमच्या आजीने जंत होतील म्हणून गुळाचा डबा फडताळात वर ठेवला होता. आम्ही अंगणात शेणामातीच्या भाकऱ्या थापायचो आणि त्याच हातांनी आजीच्या खऱ्या भाकरीचा तुकडा मोडायचो. ते हात कुणी बघितले नाहीत. लक्ष सगळं डब्यावर.

२०१५ पासून शाळा-अंगणवाड्यांत जंतनाशक दिन असतो, अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. तुम्ही घेऊ नका. ‘आम्ही फिल्टरचं पितो हो!’ असं सांगून मुलाला त्या दिवशी घरी ठेवा. सुतकृमी फिल्टर बघत नाही, ती तिसऱ्या मजल्यावरही येते. रात्री गुदद्वाराशी अंडी घालते, पोरगं झोपेत खाजवतं, सकाळी तेच बोट तोंडात.

आणि डॉक्टरांनी अख्ख्या घराला औषध सांगितलं, तरी खाजवणाऱ्यालाच द्या. चादरी झटकून पुन्हा तशाच घाला. एवढ्या हौसेने वसवलेली खोली, रिकामी किती दिवस ठेवणार?