जप्ती आणि हॅश यांच्यामधले आठ दिवस

जप्त केलेल्या मोबाइल किंवा मेमरी कार्डाची हॅश व्हॅल्यू (आतल्या माहितीवरून काढलेला आकडा, माहिती बदलली की तोही बदलतो) पंचनाम्यात असावी, या माझ्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. पंचनाम्यात हॅश व्हॅल्यू नसल्याचा आक्षेप ही आरोपीला सोडवण्याची तांत्रिक पळवाट आहे, घटनास्थळी हॅश काढणे पोलिसांना शक्यही नसते, आणि बेकायदा मिळवलेला पुरावाही न्यायालये स्वीकारत असताना राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 चा (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आधार घेणे निरर्थक आहे, असे आपले म्हणणे आहे.

बेकायदा मिळवलेला पुरावाही स्वीकारला जातो, हे आपले म्हणणे कायद्याला धरून आहे. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या सत्तरच्या दशकातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण ग्राह्य धरले. मात्र आवाजाची ओळख पटली पाहिजे आणि टेपमधील मजकूर पुसला गेल्याची शक्यता दूर झाली पाहिजे, हेही तिथेच बजावले. पुरावा मिळवला कसा आणि तो शाबूत आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझा लेख दुसऱ्या प्रश्नाविषयी होता.

चालू स्थितीतला मोबाइल कागदी पाकिटात घातला, लाखेचे सील लावले, पाकीट मुद्देमालात ठेवले आणि आठ दिवसांनी प्रयोगशाळेत हॅश काढला, तर आठव्या दिवसानंतर माहिती बदललेली नाही, एवढेच तो आकडा सांगतो. मधल्या काळात पाकिटातल्या फोनवर संदेश येत राहतात, ठरावीक मुदतीचे संदेश आपोआप पुसले जातात, दूरवरून फोन रिकामाही करता येतो, आणि सील मात्र जसेच्या तसे असते. पुसला गेलेला तो संदेश फिर्यादीला आलेल्या धमकीचाही असू शकतो. याला पळवाट म्हणायला माझे मन धजत नाही.

अनुच्छेद 21 इथे येतो तो निष्पक्ष सुनावणीच्या हक्कातून. मेमरी कार्डातील मजकूर हा दस्तऐवज असल्याने आरोपीला त्याची प्रत मिळाली पाहिजे, आणि पीडितेच्या खासगीपणाला धोका असेल तिथे निदान तपासणीची मुभा तरी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातही हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते.

आपण सांगितलेली अडचण मात्र खरी आहे. मेमरी कार्डाचा हॅश पंचांसमोर काढता येतो, चालू फोनचा तसा काढता येत नाही. तेव्हा फोन पंचांसमोर एअरप्लेन मोडवर टाकला, सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत ठेवला, वेळ पंचनाम्यात लिहिली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम 105 खालील जप्तीच्या चित्रणात हे सारे दिसले, तर त्या प्रकरणापुरता माझा आक्षेप मी मागे घेईन.